११८ पात्रांची वही: क्लासचे गट कसे पाडावेत आणि लोकप्रियतेचा क्रम कसा लावावा?

वहीवाली

नमस्कार. पुण्यात आम्ही काही जण रविवारी दुपारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून कल्पित पात्रे रंगवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. २०१९ मध्ये आम्ही नवख्यांसाठीच्या स्टार्टर सेटचा एक डबा आणून सुरुवात केली, आणि तेव्हापासून टेबलावर जन्मलेल्या प्रत्येक पात्राची नोंद मी एका दोनशेपानी वहीत ठेवत आले आहे. एका ओळीत एक पात्र: खेळाडूचे आद्याक्षर, पात्राचे नाव, वंश, क्लास (पात्राचा पेशा) आणि पहिल्या सेशनची (बैठकीची) तारीख. उजव्या समासात, पेन्सिलीने, हा क्लास का घेतला याचे खेळाडूने दिलेले उत्तर त्याच्याच शब्दांत असते. "तलवार हवी होती", "मला बोलायचे काम आवडते", "क्लेरिक कोणीच घेत नव्हते म्हणून", अशी ती उत्तरे आहेत.

आजवर ४१ खेळाडूंनी ११८ पात्रे केली आहेत. क्लासनिहाय संख्या अशी: फायटर (लढवय्या) १६, रोग् (लपून काम करणारा चोर) १५, क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी) १३, विझर्ड (अभ्यासू जादूगार) ११, वॉरलॉक (कराराने जादू मिळवणारा) १०, बार्ड (गवई) १०, पॅलाडिन (धर्मयोद्धा) ९, रेंजर (रानातला शिकारी) ८, बार्बेरियन (रानटी योद्धा) ७, सॉर्सरर (जन्मजात जादूगार) ७, ड्रुइड (निसर्गपूजक) ५, मंक (हातांनी लढणारा साधू) ५ आणि आर्टिफिसर (जादूची यंत्रे करणारा) २. ("रोग" असे पूर्ण लिहिले की मराठी डोळ्यांना आधी आजारच दिसतो, म्हणून वहीत मी पहिल्यापासून पाय मोडून "रोग्" लिहिते. इथेही तसेच लिहिले आहे.)

आता नव्या खेळाडूंची एक तुकडी येणार आहे. त्यांच्यासाठी मला दोन गोष्टी करायच्या आहेत. एक म्हणजे आमच्याकडे लोक कोणते क्लास आवडीने घेतात हे सांगणारे एक पान तयार करायचे आहे, आणि दुसरी म्हणजे त्या पानाच्या आधारे कोणत्या क्लासची तयार पात्रे छापून ठेवायची हे ठरवायचे आहे. वरची यादी मी जशीच्या तशी गटासमोर ठेवली तेव्हा वाद झाला. फायटरच्या १६ पात्रांपैकी ९ केवळ दोन खेळाडूंची आहेत, एकाची पाच आणि दुसऱ्याची चार. क्लेरिकच्या १३ पैकी ८ पात्रांच्या समासात "कोणी नव्हते म्हणून" याच अर्थाचे काहीतरी लिहिलेले आहे. बार्डच्या दहाही पात्रांचे खेळाडू वेगवेगळे आहेत आणि त्यांतल्या एकाच्याही समासात अशी नाइलाजाची नोंद नाही. मग क्लेरिक बार्डपेक्षा लोकप्रिय आहे असे मी कोणत्या तोंडाने लिहू?

माझे प्रश्न तीन आहेत. तेरा क्लास एकाखाली एक लिहिण्याऐवजी त्यांचे गट पाडायचे झाल्यास कोणत्या पायावर पाडावेत? क्रम लावताना पात्रे मोजावीत की माणसे? आणि मल्टिक्लास (एकाहून अधिक क्लास घेतलेले) पात्र कोणाच्या खात्यावर घालावे?

जुनी_आवृत्ती

वहीवाली, गटांच्या प्रश्नाला या खेळाच्या इतिहासातच तीन-चार वेगवेगळी उत्तरे मिळालेली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत हे तुम्ही आधी ध्यानात घ्यावे असे मला वाटते.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ निघाला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक. थीफ, म्हणजे आजच्या रोग्चा पूर्वज, १९७५ च्या पुरवणीतून आला आणि पॅलाडिनही त्याच पुरवणीत फायटरची एक शाखा म्हणून आला. मंक त्याच वर्षी आला आणि ड्रुइड पुढच्या वर्षी. म्हणजे आज आपण ज्यांना तेरा स्वतंत्र क्लास म्हणतो त्यांतले बरेचसे कोणत्या ना कोणत्या जुन्या क्लासमधून फुटून निघालेले आहेत.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने या सगळ्यांना चार गटांत बसवले. वॉरियर गटात फायटर, पॅलाडिन आणि रेंजर होते. विझर्ड गटात मेज (सर्वसाधारण जादूगार) आणि एकेका विद्येत पारंगत असलेले जादूगार, प्रीस्ट गटात क्लेरिक आणि ड्रुइड, तर रोग् गटात थीफ आणि बार्ड होते. हे गट पाडणे नियमांच्या सोयीसाठी होते. एका गटातल्या क्लासना हल्ल्याचे कोष्टक एक, जीवनगुणांचा फासा बहुतेक एकच आणि सेव्हिंग थ्रोचे (संकटातून वाचण्याच्या फाशाचे) कोष्टकही एक, एवढाच त्याचा अर्थ होता. खेळाडूच्या मनात काय आहे याचा त्यात विचार नव्हता.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने लढाईतले काम पाहिले. मार अंगावर घेणारा तो डिफेंडर, एकाच शत्रूला जबर मारणारा तो स्ट्रायकर, साथीदारांना उभे ठेवणारा तो लीडर आणि सगळ्या मैदानावर पकड ठेवणारा तो कंट्रोलर. त्याच्या जोडीला शक्तीचा उगम हाही दुसरा अक्ष होता: शस्त्रविद्या, जादू, दैवी शक्ती, आणि पुढच्या पुस्तकांत निसर्ग आणि मनःशक्ती. पुढे २०२२ मध्ये नव्या नियमांची चाचणी सुरू झाली तेव्हा पुन्हा चार गट मांडले गेले. वॉरियरमध्ये बार्बेरियन, फायटर, मंक. मेजमध्ये सॉर्सरर, वॉरलॉक, विझर्ड. प्रीस्टमध्ये क्लेरिक, ड्रुइड, पॅलाडिन. एक्स्पर्टमध्ये बार्ड, रेंजर, रोग् आणि त्यांच्याच जोडीला आर्टिफिसर. २०२४ च्या छापील पुस्तकात मात्र हे गट ठेवले गेले नाहीत.

आता पॅलाडिन आणि रेंजर या दोघांचाच प्रवास पाहा. १९८९ मध्ये दोघे एकाच घरात, वॉरियर म्हणून. २००८ मध्ये पॅलाडिन डिफेंडर आणि रेंजर स्ट्रायकर. २०२२ मध्ये पॅलाडिन पुजाऱ्यांच्या पंगतीला आणि रेंजर चोर-गवयांच्या. तुमच्याच आकड्यांवर हे करून पाहिले तर काय होते? १९८९ चे घर धरले आणि बार्बेरियनला वॉरियरमध्ये घेतले, तर वॉरियर ४०, विझर्ड (सॉर्सरर आणि वॉरलॉक धरून) २८, रोग्-बार्ड २५ आणि प्रीस्ट १८ अशी बेरीज येते. मंक आणि आर्टिफिसर उंबऱ्याबाहेरच राहतात. २०२२ चे घर धरले तर एक्स्पर्ट ३५, वॉरियर २८, मेज २८ आणि प्रीस्ट २७. पहिल्या हिशेबात तुमचा गट लढवय्यांचा दिसतो आणि दुसऱ्यात हरहुन्नरी माणसांचा, आणि मधल्या काळात टेबलावरचे एकही पात्र बदललेले नसते. गटांची लोकप्रियता लिहिताना "आमच्याकडे लढवय्ये जास्त" असे वाक्य लिहिण्याआधी हा खेळ एकदा करून पाहावा.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण फायटर नेहमी वर का येतो याची चर्चा होताना ती क्वचितच निघते. फायटर हा आजही एक रुंद क्लास आहे. धनुर्धारी, ढालतलवारवाला सरदार, डावपेच लढवणारा बॅटल मास्टर आणि थोडी जादू जाणणारा एल्ड्रिच नाइट हे सगळे त्याच एका नावाखाली मोजले जातात. उलट १९७४ चा एकच मॅजिक-यूझर आज तीन नावांत वाटला गेला आहे. सॉर्सरर २००० साली तिसऱ्या आवृत्तीसोबत स्वतंत्र झाला, वॉरलॉक २००४ च्या एका पूरक पुस्तकात आला आणि २००८ मध्ये मूळ पुस्तकात बसला. ज्याला टोपीवाला जादूगार व्हायचे आहे त्याची मते तीन पेट्यांत पडतात आणि ज्याला शस्त्र हाती घ्यायचे आहे त्याची बरीचशी एका पेटीत. तुमचे विझर्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक मिळून २८ होतात, फायटर १६. रेंजर-पॅलाडिन-बार्बेरियन हेही फायटरचेच भाऊबंद आहेत असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे, पण मग तुलना भाऊबंदांची भाऊबंदांशी करावी, एकट्याची एकट्याशी नको.

म्हणून माझा सल्ला असा की गट नियमपुस्तकातून उचलू नयेत. तुमच्या समासातून उचलावेत. "तलवार हवी होती", "बोलायचे काम आवडते", "लपून मारायचे होते" ही उत्तरे एकत्र ठेवली की त्यांतूनच चार-पाच ढीग पडतील, आणि एकच बार्ड एका खेळाडूसाठी बोलण्याच्या ढिगात तर दुसऱ्यासाठी जादूच्या ढिगात गेला तरी त्यात काही चूक नाही.

संगणकावरून

मी टेबलावर फारसे खेळलो नाही, माझा अनुभव बाल्डर्स गेट ३ या याच नियमांवरच्या संगणकीय खेळाचा आहे. तरी तो इथे लागू पडतो असे वाटते म्हणून लिहितो.

तो खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि त्यात पाचव्या आवृत्तीचेच बारा क्लास आहेत, आर्टिफिसर नाही. तो बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओजने पहिल्या वाढदिवसाला जे आकडे जाहीर केले त्यांत पॅलाडिन सर्वांत वर, त्याखाली सॉर्सरर, मग फायटर, आणि अगदी तळाला क्लेरिक होता. वहीवालींच्या यादीत क्लेरिक तिसरा आहे. तेच नियम, तोच क्लास, आणि जागा मात्र दुसऱ्या टोकाला.

मी स्वतः तो खेळ दोनदा पूर्ण केला, दोन्ही वेळा क्लेरिक घेतला नाही, आणि त्याचे कारण मला नेमके ठाऊक आहे. सुरुवातीलाच शॅडोहार्ट नावाची क्लेरिक तुमच्या सोबतीला येते. जखमा भरण्याचे काम तिच्याकडे गेले की आपण मोकळे. शिवाय एकट्याने खेळताना बहुतेक संभाषणे आपल्याच पात्राला करावी लागतात, त्यामुळे ज्यांचा करिष्मा (छाप पाडण्याचा गुण) चांगला अशा पॅलाडिन आणि सॉर्सररकडे हात आपोआप वळतो. अर्थात एवढ्याने सगळे उलगडत नाही. लेझेल ही फायटरही पहिल्यापासून सोबत असते, तरीही फायटर तिसरा आहेच.

आणखी एक अडचण. त्या खेळात शंभर सुवर्णनाणी दिली की क्लास बदलून मिळतो. माझे दुसरे पात्र रेंजर म्हणून सुरू झाले आणि बार्ड म्हणून संपले. त्याला कुठे मोजायचे? सुरुवात मोजली तर ते माझ्या अंदाजाचे मोजमाप होते आणि शेवट मोजला तर माझ्या अनुभवाचे.

गणिती_कट्टा

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत होऊन मी फक्त आकड्यांबद्दल लिहितो, कारण यादीतला क्रम किती गंभीरपणे घ्यावा हे ठरवल्याशिवाय बाकीचे वाद निरर्थक होतील.

क्षणभर असे धरू की तुमच्या गटाला तेराही क्लास अगदी सारखेच आवडतात आणि प्रत्येक पात्राचा क्लास चिठ्ठी काढून ठरतो. ११८ ला १३ ने भागले की प्रत्येक क्लासच्या वाट्याला साधारण ९ पात्रे येतात. पण चिठ्ठ्यांमध्ये नशिबाचा भाग असतो, आणि या संख्येभोवतीचे प्रमाण विचलन (नेहमीचा चढउतार) सुमारे २.९ येते, आणि त्याच्या दुपटीइतका फरक सहज पडू शकतो. म्हणजे निव्वळ योगायोगानेही एखाद्या क्लासची ३ पात्रे आणि दुसऱ्याची १५ पात्रे होऊ शकतात, त्यात कोणाच्या आवडीनिवडीचा काही संबंध नसताना. तुमच्या यादीत या पट्ट्याच्या बाहेर कोण आहे? वरच्या टोकाला १६ चा फायटर आणि खालच्या टोकाला २ चा आर्टिफिसर. फायटरची ९ पात्रे दोन माणसांची आहेत हे तुम्हीच सांगितले. आर्टिफिसर पाचव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात नाहीच, तो एबेरॉन या कल्पित जगावरच्या पुस्तकातून २०१९ च्या अखेरीस आला, म्हणजे तुमचा गट सुरू झाला तेव्हा तो जवळपास उपलब्धच नव्हता. दोन्ही टोकांना आवडीखेरीज दुसरी कारणे आहेत. बार्ड १०, पॅलाडिन ९ आणि रेंजर ८ यांना पाचवा-सहावा, सातवा आणि आठवा क्रमांक देण्यात तर काहीच तथ्य नाही. एका रविवारी दोन मुले आजारी पडली असती तरी तो क्रम उलटा झाला असता.

याचा अर्थ वही निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. क्रमांकांऐवजी पायऱ्या कराव्यात. वरची, मधली आणि खालची अशा तीन पायऱ्या पुरतील, आणि एका पायरीवरच्या क्लासची नावे वर्णानुक्रमे लिहावीत, म्हणजे कोणाला आपला क्लास एका घराने खाली गेल्याचे दुःख होणार नाही. मंचांवर शक्तीनुसार पायऱ्या लावण्याची पद्धत जुनीच आहे. साडेतिसऱ्या आवृत्तीच्या काळात विझर्ड, क्लेरिक, ड्रुइड पहिल्या पायरीवर आणि फायटर, मंक पाचव्या पायरीवर अशी एक मांडणी खूप फिरत असे. पण ती ताकदीची पायरी होती, आवडीची नव्हे, आणि त्या दोन्हींची गल्लत तुमच्या पानावर होऊ देऊ नका. पाचव्या पायरीवरचा फायटर तेव्हाही लोक हौसेने खेळत होते.

पात्रे की माणसे, या प्रश्नाचे माझे उत्तर माणसे असे आहे. प्रत्येक खेळाडूला एकच मत द्या आणि ते त्याच्या पात्रांत वाटा. ज्याने पाच पात्रे केली आणि पाचही फायटर, त्याचे पूर्ण एक मत फायटरला. ज्याने चार पात्रे केली आणि त्यांत दोन रोग्, एक बार्ड, एक मंक, त्याचे अर्धे मत रोग्ला आणि पाव-पाव मत उरलेल्या दोघांना. असे केले की दोन हौशी फायटरवाल्यांमुळे सगळ्या गटाचे चित्र बदलणार नाही.

मल्टिक्लासबद्दल मात्र मी सावध राहीन. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनी पॅलाडिन खेळणारे अनेक जण वॉरलॉकची एकच लेव्हल घेतात, कारण त्या नियमांत वॉरलॉकची हेक्सब्लेड ही शाखा पहिल्याच लेव्हलला शस्त्राचा वार करिष्म्यावर करू देते. तो माणूस मनाने पॅलाडिनच असतो. त्याला अर्धा वॉरलॉक म्हणून मोजले तर वॉरलॉकची संख्या फुगते आणि ती फुगण्याचे कारण वॉरलॉकची आवड नसून पॅलाडिनची सोय असते. म्हणून लेव्हलच्या प्रमाणात वाटणी करा: सहा लेव्हल पॅलाडिन आणि एक वॉरलॉक असेल तर सातातले सहा भाग पॅलाडिनला.

मोठ्या आकड्यांनी हे सगळे सुटते असे कोणाला वाटत असेल, तर एक उदाहरण देतो. २०१७ मध्ये फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने डी अँड डी बियॉन्ड या पात्रे बनवण्याच्या संकेतस्थळावर तयार झालेल्या पात्रांचे आकडे, दर एक लाख पात्रांमागे किती असे, छापले होते. सर्वाधिक आढळणारी जोडी मानव फायटर ही होती, एक लाखात जवळपास पाच हजार, आणि बारा क्लासमध्ये ड्रुइड सर्वांत मागे होता. एवढ्या संख्येत योगायोगाचा भाग नगण्य उरतो, म्हणून तो क्रम खराच आहे. पण तो कशाचा क्रम आहे? डी अँड डी बियॉन्ड त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाले होते. नवीन साधन मिळाले की माणूस आधी चाचपून पाहतो, दोन-तीन पात्रे नुसतीच बनवतो. त्या लाखांतली किती पात्रे कधी एखाद्या टेबलावर बसली हे त्या आकड्यांत दिसत नाही. तुमच्या ११८ ओळींतल्या प्रत्येक ओळीपुढे पहिल्या सेशनची तारीख आहे. मला विचाराल तर ती तारीख फार मोलाची आहे.

पडद्यामागे

मी बरीच वर्षे डीएम (गोष्ट आणि नियम सांभाळून खेळ चालवणारा) म्हणून पडद्यामागे बसतो, तेव्हा गणितात न शिरता वहीच्या समासाबद्दल लिहितो. वहीवाली, तुमच्याकडची सगळ्यांत चांगली गोष्ट तो समास आहे, आणि तुम्ही अजून तो पुरता वापरलेला नाही.

टेबलावरची निवड ही गुप्त मतदानासारखी नसते. पाच जण बसलेले असतात, पहिला म्हणतो मी रोग्, दुसरी म्हणते मी विझर्ड, आणि पाचव्याची पाळी येईपर्यंत सगळे त्याच्याकडे पाहत असतात, कारण जखमा भरणारा कोणी झालेला नसतो. तो क्लेरिक घेतो. त्याला दोष नाही, पार्टीला (पात्रांच्या चमूला) गरज होती. पण गरज आणि आवड एकाच रकान्यात मोजली की क्लेरिक तिसरा येतो. माझ्याकडे एक खेळाडू होती जी सलग तीन कॅम्पेनमध्ये (अनेक बैठका चालणाऱ्या खेळांत) क्लेरिक झाली. चौथ्या वेळी मी तिला सर्वांत आधी विचारले, तर तिने क्षणाचाही विचार न करता बार्बेरियन म्हटले आणि आमच्या टेबलावर त्या वर्षी तिच्याइतके मनापासून कोणी खेळले नाही. ती सलग तीन वर्षे क्लेरिकच्या लोकप्रियतेत भर घालत होती.

म्हणून मी सुचवतो की नव्या तुकडीला क्लास विचारण्याआधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, आणि एकमेकांशी न बोलता पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहायला सांगा. पहिलीला तीन गुण, दुसरीला दोन, तिसरीला एक. अशी गुणांची पद्धत फ्रान्समध्ये गणितज्ञ बोर्दा यांनी १७७० सालीच मांडली होती, आणि आपल्या कामाला ती पुरेशी आहे. तिचा फायदा असा की पहिल्या पसंतीत क्वचित येणारा पण अनेकांच्या दुसऱ्या पसंतीत असणारा क्लास तिच्यात दिसून येतो. ड्रुइडचे तसे असेल असा माझा अंदाज आहे: पुष्कळांना तो हवासा वाटतो, आणि प्राण्यांची रूपे नि मंत्रांची लांबलचक यादी पाहून ते शेवटच्या क्षणी मागे सरतात.

आणि एक शंका. तुमच्या यादीतले पहिले चार पाहा: फायटर, रोग्, क्लेरिक, विझर्ड. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम २०१४ मध्ये फुकट वाटले गेले तेव्हा त्यांत नेमके हेच चार क्लास होते. तुम्ही ज्या स्टार्टर सेटने सुरुवात केली त्यात पाच तयार पात्रे मिळतात, आणि त्यांत दोन फायटर, एक क्लेरिक, एक रोग् आणि एक विझर्ड असतात. तुमच्या नवख्या खेळाडूंच्या हातात पहिल्या दिवशी कोणते कागद होते? कारण आता तुम्ही याच यादीवरून पुढच्या तुकडीचे तयार कागद छापणार आहात, आणि तसे झाले तर पुढची यादीही हीच येईल.

वहीवाली

सर्वांचे मनापासून आभार. पडद्यामागे यांचा शेवटचा परिच्छेद वाचल्यावर मी रात्री वही घेऊन बसले.

जी पात्रे छापील कागदावरून सुरू झाली त्यांच्यापुढे मी पहिल्यापासून बारीक अक्षरात "छा" लिहीत आले आहे, कारण त्यांची नावे बहुधा दुसऱ्या सेशनला बदलत आणि माझा गोंधळ होई. त्या खुणेचा असा उपयोग होईल हे कधी मनात आले नव्हते. एकूण २४ "छा" निघाल्या आणि त्या चोवीसच्या चोवीस पहिल्या चार क्लासमध्येच होत्या: फायटर ७, रोग् ६, क्लेरिक ६, विझर्ड ५. अर्थातच, कारण डब्यातले पाच कागद मी एकदा झेरॉक्स करून आणले होते आणि त्याच प्रती वर्षानुवर्षे वाटत होते. त्या वगळल्या तर फायटर ९, रोग् ९, क्लेरिक ७ आणि विझर्ड ६ उरतात. क्लेरिकच्या उरलेल्या सातांपैकी चारांपुढे अजूनही "कोणी नव्हते" आहेच. म्हणजे ज्या चार क्लासना मी आमच्या गटाची आवड म्हणणार होते, त्यांतला मोठा भाग माझ्याच झेरॉक्सच्या गठ्ठ्याचा होता.

गणिती_कट्टा यांचे म्हणणे लक्षात ठेवून मी आता बार्ड आणि वॉरलॉक पहिले आले असे म्हणणार नाही. उरलेल्या ९४ पात्रांत दहा आणि नऊ यांतला फरक काही सांगत नाही. पानावर क्रमांक नसतील. जुनी_आवृत्ती यांच्या सल्ल्यानुसार समासातल्या उत्तरांचे ढीग केले, ते पाच झाले: समोरासमोर लढायचे आहे, लपूनछपून काम करायचे आहे, बोलून काम काढायचे आहे, मोठी जादू करायची आहे, सोबत्यांना सांभाळायचे आहे. शेवटच्या ढिगात मनापासून लिहिलेली उत्तरे माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाली, आणि त्यांतली तीन पॅलाडिनची आहेत.

तयार पात्रे आता बारा असतील, मूळ पुस्तकातल्या प्रत्येक क्लासचे एक, म्हणजे कोणाच्या हातात काय पडले याचा दोष पुन्हा गठ्ठ्याकडे जाणार नाही. चिठ्ठ्याही कापून ठेवल्या आहेत. एक प्रश्न तेवढा उरतो: जो खेळाडू तीन पसंत्यांत तीनही वेळा एकच क्लास लिहील, त्याला तीनच गुण मोजावेत की सहा? आमच्याकडे असे दोघे आहेत, आणि दोघेही फायटरच लिहिणार हे मला आजच माहीत आहे.

गणिती_कट्टा

तीनच. दुसरी आणि तिसरी जागा कोरी धरावी आणि ती कोरी राहिली हे वहीत लिहून ठेवावे.